शिरवाल्या बाई

इस्पितळात त्यांना सगळे ‘शिरवाल्या बाई’ म्हणत. काम भूल देण्याचं, पण नजर सदा लोकांच्या हातांवर. घरी नवऱ्याने चहाचा कप पुढे केला तरी आधी त्याच्या मनगटावरची शीर दिसायची.

“आई, तू माझ्याशी बोलतेस की माझ्या कोपराशी?” लेक विचारायची. बाई हसण्यावारी न्यायच्या.

खरं कारण त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी एका पेशंटची गर्भपिशवी काढायची होती. शिरा सुतासारख्या. दोनदा टोचूनही जाड सुई जाईना, तेव्हा बाईंना दया आली. हाताच्या पाठीवर एकच बारीक सुई लावून त्यांनी भूल दिली. हात चादरीखाली गेला. मध्येच रक्तस्राव सुरू झाला. रक्ताची पिशवी लावली, तरी रक्तदाब सावरेना. चादर उचलली तर हात टम्म फुगलेला; शिरेत जायचं ते सगळं कातडीखाली साचलेलं. मानेतली शीर मिळेपर्यंत वेळ हातची गेली होती.

चौकशीत कुणी दोष दिला नाही. पण तो हात बाईंच्या मागे लागला तो लागलाच.

यंदा त्याच ऑपरेशनसाठी पस्तिशीतली एक शिक्षिका आली. तिचा हात हातात घेतला आणि बाई थबकल्या. तीच निमुळती बोटं, तशाच हरवलेल्या शिरा.

“आमच्या आईच्याही सापडायच्या नाहीत,” ती म्हणाली. “ती इथेच गेली.”

ड्यूटी बदलून घेता आली असती. बाईंनी स्टूल ओढलं.

“त्यांना भूल मीच दिली होती. एका बारीक सुईवर. दुसरी लावायलाच हवी होती.”

शिक्षिकेने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. मग म्हणाली, “शेवटी काही बोलली का ती?”

“‘आता टोचू नका हो,’ म्हणाल्या.”

“मला टोचा. हवं तितकं टोचा.”

दुसऱ्या दिवशी सर्जन घड्याळ बघत कुरकुरले. बाईंनी दाद दिली नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत मानेतल्या जाड शिरेत नळी घातली, हातात वेगळी सुई लावली, मगच भूल दिली. ऑपरेशन बिनबोभाट पार पडलं. मानेतल्या नळीची गरजच लागली नाही.

नळी काढताना बाई कापूस दाबून उभ्या होत्या. शिक्षिकेने आभार मानले नाहीत. एवढंच म्हणाली, “आईचं अजून काही आठवलं तर सांगा.”

बाईंना सगळंच आठवत होतं. त्यातलं या लेकीला सांगण्यासारखं काय, हे शोधत त्या कापूस दाबून उभ्याच राहिल्या.