चालू ठेवलेली गाडी

नव्वदीच्या दशकात आमचं घर मखमलाबादच्या वाटेवर, फुलांच्या मळ्यात होतं. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला यायची होती, पण तिच्या सासूबाई सोडायला राजी नव्हत्या. ‘मळ्यात रिक्षा येत नाही. कळा सुरू झाल्या तर काय कराल?’ आई ताठ मानेने म्हणाली, ‘आमच्या दारात गाडी आहे.’ गाडी होती, खोटं नाही. पण वडील गेले तेव्हापासून ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती आणि मधल्या तीन दसऱ्यांत तिचं चाकही हललं नव्हतं. ते आईने सांगितलं नाही. शेजारी बसून मी मान डोलावली.

बहीण आली आणि मी ताडपत्री काढली. बॅटरी मेली होती, ती नवीन आणली. टाकीतल्या पेट्रोलला रंगाच्या डब्यासारखा वास येत होता, ते काढून ताजं भरलं. प्लग घासले, ठिणगी चांगली पडत होती. तरी गाडी चालू व्हायची, भसाभसा काळा धूर सोडायची आणि बंद पडायची. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, एवढं वडिलांच्या हाताखाली शिकलो होतो, म्हणून कार्बोरेटर खोलला. साफ केला, जोडला, पुन्हा खोलला. धूर तसाच. रोज बहीण ओट्यावर येऊन विचारायची, ‘झाली का रे?’ आणि मी तिच्या पोटाकडे न बघता म्हणायचो, ‘होतेय.’ एकदा तिच्यावर खेकसलोसुद्धा. भीती वाटली की मी खेकसतो, ती खोड अजून गेलेली नाही.

शेवटी सुचलं, पेट्रोल जास्त नसेल, हवाच कमी पडत असेल. एअर फिल्टरचं झाकण उघडलं तर आत उंदरांनी घर केलेलं. कापूस, झेंडूच्या माळेचा दोरा, खोबऱ्याचे तुकडे आणि कुंकवात भिजवलेले तांदळाचे दाणे. बघताक्षणी कळलं. दसऱ्याला सगळे बॉनेटवर फूल वाहतात. वडील मात्र बॉनेट उघडून थेट इंजिनाची पूजा करायचे, पत्र्याची काय पूजा करायची म्हणायचे. ते गेल्यावर आईने तेच चालू ठेवलं. कुंकू मला लावायला सांगायची, अक्षता नि खोबरं मात्र स्वतः आत ठेवायची. वर्षातून एकदा शेडमध्ये जायची ती एवढ्यासाठीच.

मी झाकण परत लावायला गेलो, पण आई मागेच उभी होती. तिने एक दाणा बोटांवर घेतला.

‘म्हणजे मीच बंद पाडली का रे?’

‘उंदरांनी प्रसाद खाल्ला, एवढंच,’ मी म्हणालो. ती हसली नाही. मला फार वाईट वाटलं. मी सगळं उपसलं, कुरतडलेली एक वायर जोडली आणि किल्ली फिरवली. गाडी चालू झाली आणि चालू राहिली. आई घरात निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी, दिवस भरायच्या आधीच, बहिणीला कळा सुरू झाल्या. पंचवटीत भाजीच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला. जरा थांबलं की इंजिन आचके द्यायचं, म्हणून मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलाच नाही. मागे बहीण आईचा हात धरून कण्हत होती. पूल ओलांडला, दवाखाना आला, तिला आत नेलं. मी फाटकाशी गाडीतच बसून राहिलो, इंजिन चालू ठेवून.

बऱ्याच वेळाने आई बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली.

‘अजून अवकाश आहे म्हणतात. बंद कर की ती.’

‘आणि मोठ्या दवाखान्यात हलवा म्हणाले तर? पुन्हा नाही चालू झाली तर?’ माझा आवाज चढला होता.

आई समोरच्या काचेतून बघत राहिली. ‘हिच्या वेळी यांनीही बंद केली नव्हती,’ ती म्हणाली. ‘मी आत आणि हे इथं बाहेर. पेट्रोल संपून गाडी आपोआप बंद पडली, तरी हे स्टिअरिंग धरूनच बसलेले. मुलगी झाली ते नर्सने गाडीपाशी येऊन सांगितलं.’

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. वडिलांना कधी कशाची भीती वाटली असेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी किल्ली फिरवली. गाडी शांत झाली, आणि ते गेले तेव्हा न आलेलं रडू मला तिथं, आईशेजारी आलं.