नवरीची चौकट

फळ्यावरचं लग्न मी अजून पुसलेलं नाही. तास संपून वर्ग रिकामा झालाय आणि मी डस्टर घेऊन नुसती उभी आहे.

व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षाला नियोजन शिकवताना मी दरवर्षी हेच उदाहरण घेते. टीचिंग प्लॅनमध्येही तसंच लिहिते: 'उदा. घरचं लग्न'. वर मुलीच्या वडलांची चौकट, तिच्याखाली मांडव, जेवण, पाहुणे, आहेर. प्रत्येक चौकटीला एक जबाबदार माणूस. मुलं खुलतात, कुणी आचारीही सुचवतं, आणि अधिकार वरून खाली कसे येतात ते पुस्तक न उघडता कळतं. हा तास मला छान जमतो, असं मी समजत होते.

आज पहिल्या बाकावरच्या सुनीतानं पट्टीनं आकृती काढता काढता विचारलं, "मॅडम, नवरी कुठे लिहायची?"

वर्ग हसला. मीही हसत म्हणाले, "तिला कसलं काम? तिनं नटून बसायचं."

तिनं तेही वहीत उतरवलं. आमची मुलं मॅडम बोलतील ते सगळं उतरवून घेतात. मग तास संपल्यावर टेबलापाशी येऊन हळूच म्हणाली, "वैशाखात माझंच आहे. परीक्षेला बसू देतील का, ते अजून कुणी सांगितलं नाही."

ती गेल्यापासून मी या आकृतीत तिला जागा शोधतेय. फळा काय, आत्ता पुसून होईल. माझं ते वाक्य मात्र तिच्या वहीत आहे, परीक्षेसाठी जपून ठेवलेलं.