पुढच्या रांगेतला गारदी

“मेल्याक उचल.”

पेन्सिलीच्या टोकाने शिशाचा सैनिक आडवा पाडायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि एवढंच म्हणायचं. आवाज कधी चढला नाही. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, जो ओरडत नाही म्हणून त्याची जास्त भीती वाटते.

मालवणात ते माझे शेजारी. कोर्टातून बेलिफ म्हणून निवृत्त झालेले, म्हणून सगळा वाडा त्यांना बेलिफच म्हणायचा. जन्मभर त्यांनी लोकांच्या घरातल्या वस्तू जप्त करून आणल्या. एका लग्नघरातून कपाट उचललं, तेव्हा आतले नवरीचे कपडे घडी न मोडता जमिनीवर रचून ठेवले आणि ऑफिसच्या मराठीत म्हणाले, “कपडे मुलीचे, कपाट कोर्टाचं.” ही गोष्ट ते हसत हसत सांगायचे. त्यांची बायको, आमच्या वहिनी, तेवढ्यात उठून आत जायच्या.

निवृत्तीनंतर त्यांना अठराव्या शतकातल्या फौजांचा नाद लागला. मासेमारीच्या जाळ्यांना लावतात त्या शिशाच्या गोळ्या वितळवायच्या, साच्यात ओतायच्या आणि बोटाएवढे सैनिक काढायचे. मराठ्यांचे गारदी, इंग्रज, फिरंगी. मग भिंग लावून रंगवायचे. लाल डगल्यावरचं एकेक बटण दिसायचं. हात देवाने दिला होता, मन देताना मात्र त्याने काटकसर केली.

कारण चेहरे ते ओळखीचे काढायचे. ज्याच्याशी बिनसलं, तो पुढच्या महिन्यात फौजेत. तलाठी, डॉक्टर, कधीकाळी त्यांना झापलेले न्यायाधीश, सगळे भरती झालेले. पोट सुटलेला इंग्रज कप्तान म्हणजे मी. माझ्या वर्कशॉपमधल्या इंजिनाच्या आवाजाने त्यांची दुपारची झोप मोडायची, हा माझा गुन्हा. तरीही दर रविवारी पडवीतल्या मोठ्या टेबलावर त्यांच्याविरुद्ध खेळायला मीच असायचो, कारण दुसरं कोणी येतच नव्हतं.

खेळ सोपा. टेपने अंतर मोजायचं, तोफेच्या टप्प्यात असेल त्याच्यासाठी फासा टाकायचा. मोठा आकडा पडला की माणूस मेला. नियमाला त्यांच्याकडे माफी नव्हती, स्वतःच्या फौजेलाही नव्हती.

पुढच्या रांगेत मधोमध एक गारदी असायचा. कपाळावर डाव्या बाजूला खोक. तो त्यांचा मुलगा. लहानपणी जेटीवर पडून झालेली ती खोक बेलिफांनी तंतोतंत काढली होती. मुलगा बोटीवर नोकरीला. बांद्याच्या एका ख्रिस्ती मुलीशी त्याने लग्न केलं आणि बेलिफांनी त्याला घर बंद केलं. तो मात्र परदेशी बंदरांतून बापासाठी रंग पाठवतच राहिला. बेलिफ रंग घ्यायचे, फोन घ्यायचे नाहीत.

वहिनी पुष्कळ रडल्या, तेव्हा त्यांनी निकाल दिला.

“हो गारदी लढाई संपासर उभो रवलो, तर झील चतुर्थीक घरात येतलो. नायतर नाय. फासो सांगात ता खरां.”

आणि त्याला उभा करायचे माझ्या तोफेसमोर.

वहिनी चहा घेऊन यायच्या आणि दाराशी टेकून खेळ बघायच्या. देवळात कौल लावताना बायका बसतात तशा. मी तोफ बाजूला वळवली की बेलिफांची पेन्सिल माझ्या बोटांवर. “समोर मार रे. गणपतीक दया येतली, तोफेक नाय.” आणि गारदी पडायचा. कितीतरी चतुर्थ्या तशाच गेल्या.

एका रविवारी मात्र तो वाचला. आजूबाजूची रांग संपली, माझे इंग्रज पळाले, आणि खोक पडलेला तो एकटा उभा. वहिनींनी कप खाली ठेवला आणि मोबाइल हातात घेतला. हसत होत्या. मी त्यांना तशा हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

बेलिफांनी टेप काढला.

“टेप वाकडो धरललो,” ते म्हणाले. “हो टप्प्यात आसा. परत टाक.”

मी हात मागे घेतला. त्यांनी स्वतःच फासा टाकला आणि पेन्सिलीने गारद्याला आडवं केलं. “मेल्याक उचल.”

त्यानंतर वहिनी कधी पडवीत आल्या नाहीत. दर महिन्याला एसटीने बांद्याला जाऊन येऊ लागल्या. नातीचे फोटो मोबाइलमध्ये असायचे. मला दाखवायच्या, नवऱ्याला नाही. बेलिफांनीही कधी विचारलं नाही.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं. श्रावण संपत आला होता. मी उशाशी बसलो असताना अर्ध्या तोंडाने म्हणाले, “तेका... बोलाव.”

वहिनींनी ऐकलं. पडवीतून गारदी आणला, एक तोफ आणली, फासा आणि टेप आणला. पलंगाजवळच्या स्टुलावर मांडामांड केली, टेपने अंतर मोजलं आणि फासा टाकला.

एक पडला. गारदी उभा राहिला. बेलिफांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

वहिनींनी टेप उचलला. सावकाश परत मोजलं. “टेप वाकडो धरललंय,” त्या म्हणाल्या.

“वैनी, वाचलो तो,” मी म्हटलं.

“नियम तेंचोच, भावजीनू.”

दुसऱ्यांदा सहा पडले. वहिनींनी बोटाने गारद्याला पाडलं. “मेल्याक उचला.”

मी उचलला. बेलिफ माझ्या हाताकडे बघत राहिले. पुन्हा त्यांनी काही मागितलं नाही, आणि चतुर्थीच्या आधीच गेले.

मुलगा आला तो अग्नी द्यायला. सगळं आटोपल्यावर त्याने आईला विचारलं, “बाबांनी माझी आठवण काढल्यानी काय?”

“नाय,” वहिनी म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या.

मला त्या बाईची भीती वाटली, आणि तिची चूक मात्र सापडेना.

पडवीतल्या फळीवर त्याला तो गारदी दिसला. खिडकीपाशी नेऊन त्याने निरखून पाहिला, मग अंगठा आधी त्याच्या खोकेवर फिरवला, नंतर स्वतःच्या कपाळावर.

“काका, हो मी! बाबांनी माका रंगवल्यानी!” तो लहान मुलासारखा रडायला लागला. “खंय उभो करीत माका?”

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

“पुढच्या रांगेत,” मी म्हटलं. “सगळ्यांच्या पुढे.”

त्याने गारदी रुमालात गुंडाळला आणि छातीकडच्या खिशात ठेवला.