बाबांची नळी निघाली तो शुक्रवार

लघवीबद्दल लिहितेय म्हणून कुणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडावं. सत्तरच्या दशकातल्या त्या शुक्रवारी भिवंडीतल्या एका लहानशा दवाखान्यात माझ्या वडिलांना लघवी होते की नाही, याहून मोठा प्रश्न माझ्यापुढे नव्हता.

बाबा तिथल्याच नारपोलीत लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे. साठीच्या आसपास धार बारीक झाली, रात्री सारखं उठणं सुरू झालं. अंगातली मर्दानी ताकद आटली, असा निकाल त्यांनी स्वतःच लावला आणि आईलाही न सांगता ताकदीची इंजेक्शनं घेत राहिले. एके दिवशी लघवी साफ तुंबली. डॉक्टरांनी नळी घातली आणि इंजेक्शनांचं ऐकून कपाळावर हात मारला. मूत्राशयाखालची गाठ या वयात वाढतेच, ती पोसते इंजेक्शनातल्या याच पुरुषी रसावर, आणि तुम्ही तिला वरून खतपाणी घालताय, असं ते म्हणाले. आता सुया बंद. नळी काढून बघायची; लघवी आपोआप झाली तर ठीक, नाहीतर ऑपरेशन.

ऑपरेशन म्हणताच बाबांचं तोंड उतरलं. गावी गोऱ्हे खच्ची करताना त्यांनी स्वतः दोर धरला होता. आपलंही तेच होणार, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. डॉक्टरांनी तसं काही नसतं म्हणून परोपरीनं समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

शुक्रवारी सकाळी नळी निघाली. आम्ही भांडून मिळवलेल्या शांत खोलीत बाबा भांडं धरून उभे, दाराबाहेर आई आणि मी. दुपार होत आली. पोट फुगलं, कपाळावर घाम आला, थेंब नाही. मी आत डोकावून काय होतंय म्हणून विचारलं, तर माझ्यावरच खेकसले.

"सगल्यांना ऐकू जातंय. कारखान्यात खटखटीत कुनाला कलतं न्हाय."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी डोक्यात प्रकाश पडला. खोलीच्या भिंतीला लागून लूमची शेड होती. पण शुक्रवार, सुट्टीचा दिवस, सगळे लूम बंद. मी चपला न घालताच धावले. शेडचे मालक, पांढऱ्या दाढीचे चाचा, नमाजला निघाले होते. थोडा वेळ लूम चालू करा, म्हणून मी त्यांना गळ घातली.

"जुम्मे को कौन लूम चलाता है, बेटी?"

मी लाज सोडून सगळं सांगितलं. चाचा हसले नाहीत. त्यांच्या वयाच्या माणसाला आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. टोपी सारखी करत त्यांनी एवढंच विचारलं, किती चालवू?

"सब," मी म्हणाले.

बटणं दाबली गेली आणि अख्खी भिंत थरथरायला लागली. मी परत धावले. आई दाराला कान लावून उभी होती, पण त्या धडधडाटात कुणाला काय ऐकू येणार! आम्ही दोघी एकमेकींचे हात घट्ट धरून थांबलो. माझं काळीज लूमपेक्षा जोरात उडत होतं.

दार उघडलं. वर्षभर बायकोपासूनही दुखणं लपवणारा माझा बाप भरलेलं भांडं दोन्ही हातांत धरून, सगळ्या वॉर्डामधून ताठ मानेनं चालत डॉक्टरांच्या टेबलापर्यंत गेला.

"बघा," बाबा म्हणाले. "सुई न्हाय, नली न्हाय. माझं हाय."