पायलटचे सहा आठवडे

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता माझे पती गेले. तो पायलटचा, म्हणजे फोनच्या नव्या यंत्रणेच्या चाचणीचा, अकरावा दिवस होता.

आमची संस्था रुग्णसाहित्य देते. कॉट, वॉकर, व्हीलचेअर, ऑक्सिजनचं मशीन. घरी कुणी आजारी असेल तर वस्तू न्यायची, काम झालं की आणून द्यायची. एक केंद्र जळगावात, पिंप्राळ्याला आमच्या गल्लीच्या टोकाशी. दुसरं धुळ्यात, देवपूरला. दोन्ही केंद्रांचा फोन एकच, आणि तो अनेक वर्षं माझे पती घेत असत. सगळे त्यांना नाना म्हणत. फोन आला की ते रिसीव्हर टेबलावर ठेवून वस्तू प्रत्यक्ष पाहायला आत जात. पलीकडच्या माणसाला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येई.

पुण्याच्या एका कंपनीने फोनला उत्तर देणारं आणि वस्तूची मुदत संपली की स्वतः फोन करणारं सॉफ्टवेअर दाखवलं, तेव्हा कार्यकारिणी लगेच विकत घ्यायला निघाली होती. मी संस्थेची सचिव. आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेलं, त्यामुळे पुस्तकसुद्धा चाळल्याशिवाय मागवायचं नाही ही सवय. मी सांगितलं, आधी सहा आठवडे वापरून पाहू. निकष अगोदर लिहू, त्यावर सह्या करू आणि मधे काहीही बदलायचं नाही. दर आठवड्याला वीस फोन आपणच करायचे, ज्यांची उत्तरं आपल्याला ठाऊक आहेत असे. नाही घेतलं तर रुग्णांची माहिती आणि बाकी जे काही कंपनीकडे गेलं असेल ते सगळं पुसायचं, आणि पुसल्याचं लेखी द्यायचं. हे सगळं मी स्वतः लिहिलं.

यंत्राला एक आवाज हवा होता. लोकांच्या ओळखीचा असावा म्हणून पतींनी चार सकाळी पंखा बंद करून, खिडक्या लावून कंपनीने दिलेली वाक्यं वाचली. घामाघूम होऊन बाहेर येत आणि म्हणत, "आज दोनशे वेळा 'उपलब्ध आहे' म्हणालो. आता घरात काहीही माग, तेच उत्तर मिळेल."

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या भावजयीने केंद्राला फोन लावला. घरात लोक दारावर येत होते, बसायला केंद्रातल्या खुर्च्या हव्या होत्या. तिने फोन कानाला लावला, मग तो हळूच फरशीवर ठेवला आणि भिंतीपर्यंत मागे सरकली. फरशीवरून ते बोलत होते. आपल्याला काय हवं आहे, असं विचारत होते.

आमचे अध्यक्ष धान्याचे व्यापारी. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, आवाज बदलायला सांगू का?"

मी म्हणाले, "मधे काही बदलायचं नाही असं लिहिलंय, भाऊ."

नियम खरा होता. मात्र मी तो नियमासाठी सांगितला नव्हता.

तेरावं झाल्यावर मी चाचणीचे फोन पुन्हा सुरू केले. दुपारी जेवण झालं की वही घेऊन बसायचं. वॉकर आहे का? देवपूरला कॉट आहे का? यंत्र आवाजावरून बाई की पुरुष ते ओळखून ताई किंवा भाऊ म्हणत असे. माझे पती मला ताई म्हणू लागले. "ताई, वॉकर उपलब्ध आहे." पहिल्यांदा मला हसू आलं, आणि त्या घरात एकटीने हसल्याचं भय वाटलं. त्यांनी कधी वाचली नव्हती अशी वाक्यंही यंत्र तुकडे जोडून बोलत असे. श्वास त्यांचाच, फक्त माणूस जिथे थांबतो तिथे तो थांबत नसे. वहीत मी आठवड्याला वीस फोन लिहिले. केले त्याहून जास्त. किती, ते मोजलं नाही.

गावाकडचे लोकही फोन करून बोलत बसत. एका म्हाताऱ्याचं ध्वनिमुद्रण मी ऐकलं. तो म्हणत होता, "नाना, तुम्ही तं गयात ना?" आणि ते त्याला शांतपणे सांगत होते की व्हीलचेअरसाठी आधारकार्डाची प्रत आणावी.

सहाव्या आठवड्यात देवपूरहून एका शिक्षिकेचा फोन आला. तिच्या सासऱ्यांसाठी आमची कॉट नेली होती. रविवारी सासरे वारले. मॅडम, जमलं तर या, एवढंच ती म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने धुळ्याला गेले.

घडलं होतं ते असं. गुरुवारी घरात माणसं बसली होती. फोन वाजला. शिक्षिकेचे हात कणकेचे, म्हणून तिने कोपराने स्पीकर सुरू केला. "नमस्कार. रुग्णसाहित्य केंद्रातून बोलतोय. आपल्याकडील कॉटची मुदत काल संपली. रुग्णाची तब्येत कशी आहे? बरी असल्यास एक दाबा."

सासऱ्यांची बहीण, सगळ्यांच्या अक्का, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हाऊ तं नाना शे! नाना तं गयात ना मागला महिनामा?" अक्का सरकत फोनजवळ आल्या आणि त्यांनी विचारलं, "नाना, तठे आमना भाऊ भेटना का तुमले?"

"क्षमा करा, समजलं नाही. पुन्हा सांगा."

अक्कांनी पुन्हा विचारलं, मोठ्याने. फोनमधल्या नानांनीही पुन्हा तेच सांगितलं. मग फोन आपोआप बंद झाला.

मी गेले तेव्हा अक्का तो फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "नाना पुन्हा फोन करतीन," त्या मला म्हणाल्या. "त्या येळले रेंज नव्हती." मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांना समजवायला आले होते, पण आदल्या दुपारी मीही असाच फोन घेऊन बसले होते.

परतल्यावर जुनी नोंदवही काढली. ज्या घरी मृत्यू झाला त्या नावापुढे माझे पती पेन्सिलीने एक ठिपका देत. गंधमुक्ती, म्हणजे सुतक फिटण्याचा विधी, होईपर्यंत त्या घरी वस्तू मागायची नाही, अशी इकडची रीत. पण कुणी गेल्याचं वहीत शब्दांत लिहायला त्यांचा हात धजत नसे. याद्या यंत्रासाठी मीच उतरवल्या. ते ठिपके मला मोजताना केलेल्या खुणा वाटल्या आणि मी सोडून दिले. ठिपक्याची जागाच यादीत नव्हती, म्हणून शिक्षिकेच्या सासऱ्यांचीही नोंद कुठे झाली नाही.

कार्यकारिणीपुढे मी अहवाल वाचला. आठ निकषांपैकी सात जमले होते. आठवा माझ्या पतींनी सुचवलेला: आपल्या फोनमुळे दुःखातल्या घराला त्रास झाला, असं एकदाही होऊ नये.

"आठातले सात म्हणजे फर्स्ट क्लास, बाई," अध्यक्ष म्हणाले. "घेऊन टाकू. नानांचा आवाजही राहील."

कंपनीतर्फे बैठकीला आलेल्या बाई म्हणाल्या, मृत्यूच्या नोंदीसाठी एक रकाना सहज वाढवता येईल.

"तो भरणार कोण?" मी विचारलं. "लोक नानांना सांगायचे, म्हणून त्यांना कळायचं. रडत रडत कुणी अमुक आकडा दाबणार नाही."

आठव्या निकषावरही सगळ्यांच्या सह्या होत्या, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. ठिपके माझ्याकडून सुटले, हे मी अहवालात लिहिलं, आणि त्याखाली लिहिलं, खरेदी करू नये.

दोन दिवसांनी कंपनीच्या बाईंचा फोन आला. "मॅडम, सगळं पुसतोय. आवाज तेवढा वेगळा काढून देऊ का तुम्हाला?"

उद्या सांगते, मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी केंद्राचा नंबर लावला. व्हीलचेअर मागितली. "ताई, व्हीलचेअर उपलब्ध आहे. जळगावहून घ्याल की धुळ्याहून?" मी काहीच बोलले नाही. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "ताई, ऐकू येतंय का?" आणखी थोड्या वेळाने, त्याच सुरात, "ताई, ऐकू येतंय का?"

घरी ते मला ज्या नावाने हाक मारत, ते त्यात कुठेच नव्हतं. त्यांनी वाचलेल्या शेकडो वाक्यांत एकही माझ्यासाठी नव्हतं. मी फोन ठेवला आणि कंपनीच्या बाईंना कळवलं, सगळं पुसा.

तसं पत्र आलं, ते फाइलला लावलं.

आता सकाळी दहा ते एक फोन मी घेते. एक वाजल्यानंतर केला तर तो वाजत राहतो, कुणी उचलत नाही.