जंगलाच्या दारात खाकरणारे बाबूजी

जंगलाची हद्द आली की बाबूजी सायकलवरून उतरत, टोपी काढत, घसा खाकरत आणि मोठ्यानं म्हणत, "येऊन राह्यलो हो!" मग जरा थांबत. उत्तर अर्थातच येत नसे. तरी समाधान झाल्यासारखे टोपी घालून आत शिरत.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. खामगावच्या एका शाळेत ते कारकून होते आणि मी पुण्याहून नव्यानं आलेला इंग्रजीचा मास्तर. आठवडाभर ते दाखल्यांवर शिक्के मारीत. रविवारी फडक्यात भाकर-चटणी बांधून बोथ्याच्या जंगलाकडे सायकल हाणीत. मोहफुलं आणत नसत, मध आणत नसत, चुलीसाठी वाळकी काडीही आणत नसत. शाळेचा शिपाई दर सोमवारी विचारी, "बाबूजी, मंग जाता तरी काऊन?"

"पाह्याले."

"काय पाह्याले?"

"जंगल हाये का जाग्यावर, थे."

शाळेत याला खूळ म्हणत. मला मात्र भलताच आनंद झाला. मी वर्गात शिकवीत होतो ते इंग्रज कवी असेच की! शहराला विटून डोंगरात, तळ्याकाठी जाऊन बसणारे. एकांत, मौन आणि आत्म्याची हाक. त्यांचा एक जिवंत नमुना शाळेच्या कचेरीत सापडल्यावर मी सोडतो कशाला? मधल्या सुट्टीत मी त्यांना कवितांचे अर्थ सांगू लागलो. ते मन लावून ऐकत. एकदा म्हणाले, "सर, तुमचे कवी चांगले हायेत. पन जंगलात जाऊन सोतालेच पाहून राह्यले."

माझ्या पदवीला हे झोंबलं. ते बरोबर बोलले होते, हे कळायला मला फार उशीर लागला.

मी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो, पण त्यांचा आवाज मला सोसेना. वळण आलं की खाकरणं, नाल्यात उतरताना हाळी. कसला एकांत नि कसलं मौन! कारण विचारलं तर म्हणाले, "कोनाच्या घरात शिरतांनी खाकरत नाही का तुमी? इथं अस्वल राह्यते. त्याले बाजूले होऊ द्या लागते."

मोहाची फुलं गळण्याच्या दिवसांत एका रविवारी मी म्हटलं, "बाबूजी, आज एकदा माझ्यासाठी गप्प चला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी परगावचा, त्यात मास्तर. पाहुण्याचा शब्द मोडायचा नाही, ही त्यांची रीत. "बरं," म्हणाले.

तो अर्धा तास फार सुंदर होता, हेही कबूल करतो. मला एक इंग्रजी ओळ आठवत होती, आणि तेवढ्यात वळणावर मोहाखाली फुलं खाणारी अस्वलीण दिसली, दोन पिल्लांसह. ती दचकली आणि सरळ अंगावर आली. बाबूजींनी मला मागे ढकललं. पुढचं मी आजही कुणाला सांगत नाही. ती पिल्लं घेऊन निघून गेली तेव्हा त्यांचा डावा हात कोपरापासून फाटला होता.

दवाखान्यात मी रडलो, माफी मागितली. ते म्हणाले, "तिची काय चुकी, सर? लेकरं घेऊन जेवून राह्यली होती बिचारी. आपनच न सांगता घुसलो."

मी तिची नव्हे, माझी चूक म्हणत होतो. त्यांनी 'आपन' म्हणून माझ्या चुकीतला निम्मा वाटा उचलला.

हात राहिला, पण वाळला. सायकल सुटली. घरच्यांनी जंगलाचं नाव काढू दिलं नाही. शिपायानं सोमवारी विचारणं बंद केलं. रविवारी ते अंगणात टोपी घालून नुसते बसून राहत, आणि ते पाहणं मला जड जाई. ते मला एकच काम सांगत.

"सर, बुलढाण्याले जासान तवा बोथ्याच्या घाटात उतरून जंगलाले एक आवाज द्या. म्हना, बाबू येत नाही आता. वाट पाहू नोका."

पुढच्या भेटीत विचारत, "देल्ला का आवाज?"

"हो, दिला."

हे खोटं होतं. त्या घाटात मी एसटीची खिडकीसुद्धा लावून घेत असे.

काही वर्षांनी बाबूजी वारले. त्यांच्या तेरवीनंतरच्या रविवारी मी घाटात उतरलो. टोपी नव्हती, म्हणून चष्मा काढला. घसा खाकरला. मग ओरडलो, "बाबूजी येत नाहीत हो!"

ते थांबत तेवढा थांबलो. आत गेलो नाही.