नीरेतल्या बेटावर उचललेला भंडारा

माझ्या भावाची नात रोज संध्याकाळी टीव्हीवर एक मालिका बघते. जहाज फुटून बेटावर अडकलेली माणसं. प्रत्येकानं काहीतरी लपवलेलं, आणि प्रत्येकाला दुसराच चोर वाटतो. मी म्हणाले, "एवढे भाग कशाला लागतात ह्यांना? माणूस दोन दिवसांत कळतो."

"आजी, तू कधी गेली होतीस बेटावर?" तिनं टीव्हीवरची नजर न काढता विचारलं.

गेले होते. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. जसं झालं तसं लिहिते.

एकोणीसशे पन्नासनंतरची दोन-चार वर्षं गेली असतील. मी सतरा वर्षांची. माहेर कोऱ्हाळे बुद्रुकचं, सासर नीरेच्या पलीकडच्या काठावरचं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. नवरा मारायचा. रोज नाही, पण त्याला वार ठरलेले नव्हते. माहेरी दोनदा निरोप धाडला. वडिलांचं उत्तर एकच, नांदून घे. मग भाद्रपदात एका सकाळी गवताला जाते असं सांगून विळा कमरेला खोचला आणि थेट नावेत जाऊन बसले. अलीकडच्या काठाला निरवांगी, तिथून मिळेल त्या गाडीनं बारामती, पुढं चालत कोऱ्हाळं. एवढाच बेत.

नावेत आम्ही पाच जण. नावाडी. साठीचे एक तात्या, खांद्यावर घोंगडी, लेकीकडे न्यायला गुळाची अर्धी ढेप फडक्यात बांधलेली. बांगड्यांची दुरडी घेतलेली एक म्हातारी कासारीण. छत्री छातीशी धरून बसलेले एक मास्तर. आणि मी.

"एकटीच निघालीस व्हय गं?" तात्यांनी विचारलं. "मुराळी कुठं हाय?"

सासुरवाशिणीला माहेरी न्यायला भाऊ येई, त्याला मुराळी म्हणत. मुराळ्याशिवाय निघालेली बाई एक तर मयताला चाललेली असायची, नाहीतर पळालेली.

"पलीकडं थांबलाय," मी म्हणाले.

"शाणा दिसतोय. बहीण पाण्यात आन आपण कोरडा."

कासारीण हसली. मी हसले नाही.

निम्मी नदी ओलांडली नाही तोच पाणी चढायला लागलं. वर घाटाकडे कुठेतरी पाऊस झाला असणार. नाव वाकडी झाली आणि नदीतल्या बेटाच्या टोकावर आपटली. आम्ही कसेबसे वाळूत उड्या टाकल्या आणि नाव उलटी होऊन गेली. बेट म्हणजे वाळूचा उंचवटा आणि चार बाभळी. उन्हाळ्यात तिथं लोक कलिंगडं लावायचे.

निरवांगीच्या काठावर माणसं जमली. तात्या हात तोंडाशी धरून ओरडले, "ह्या पोरीचा भाऊ हाय का तितं?"

तिकडून बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "न्हाय."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं.

"गेला आसंल घरी, कट्टाळून," कासारीण म्हणाली. "ऱ्हाऊ द्या की आता."

तात्यांनी काही राहू दिलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी गूळ फोडून प्रत्येकाला सुपारीएवढा खडा दिला. मला शेवटी दिला, आणि माझी सुपारी जरा लहान होती. बाकीचा गूळ फडक्यात बांधून बाभळीला टांगला.

सकाळी फडकं रिकामं. आत चिमूटभर चुरा तेवढा राहिला होता.

कुणी काही बोलायच्या आत चौघांनी माझ्याकडे बघितलं. मास्तर म्हणाले, "जो एका बाबतीत खोटं बोलतो, तो दुसऱ्या बाबतीतही बोलतो." दोन दिवसांतलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"माझी झडती घ्या," मी म्हणाले.

"बाईची झडती कोण घ्यायचं?" तात्या म्हणाले. ते खंडोबाचे भक्त होते, भंडाऱ्याची पिशवी कायम त्यांच्या कमरेला. ती त्यांनी सोडली आणि हळद बाभळीच्या पानांवर ओतली. "भंडारा उचल. म्हण, मी कायबी लपवलं न्हाय."

भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नसे. बोललं तर घरातलं माणूस जातं, अशी सगळ्यांची समजूत. मी हात पुढे केला नाही. गूळ मी घेतला नव्हता, पण तात्यांनी शपथच अशी घातली होती की तिच्यात माझं पळून येणंही आलं.

"बघा," नावाडी म्हणाला. "उचलंना. तात्या, काहील आली की हिला पयली बसवा आन सासरी पोचती करा. कुणाची हाय ते तिथलं लोक सांगत्याल."

काहील म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी पसरट कढई. ती पाण्यात सोडून पुरात माणसं काढायची ही तिकडची रीतच. आणि गुऱ्हाळं होती माझ्या सासरच्या काठाला. त्या बाजूचं पात्रही उथळ. म्हणजे काहील तिकडूनच येणार आणि तिकडेच जाणार. मी परत त्या घरात, आणि ह्या वेळी दाराला बाहेरून कडी. हे कळल्यावर माझी भीती गेली. राग आला.

मी खाली बसले आणि भंडारा मुठीत घेतला.

"ऐका. माझा मुराळी न्हाय. मी नवऱ्याच्या घरातनं पळून आलेय. हे लपवलं व्हतं, आता न्हाय लपवलं. गूळ मी घेतला न्हाय. आन त्या घरात मी परत पाऊल टाकणार न्हाय. सगळं भंडारा उचलून सांगते."

आणि मूठ तात्यांपुढे धरली. "आता तुमी."

"गूळ माझा. मी कशाला?"

"शपथ गुळाची न्हाय घातली तुमी. कायबी लपवलं न्हाय, आसं म्हणलासा. म्हणा की."

कासारीण म्हणाली, "मी बाई उचलायची न्हाय. माझ्या दुरडीत दोन भाकऱ्या हायत. म्हातारीला भूक जास्त लागती." नावाडी पाण्याकडे बघत म्हणाला की सकाळीच त्याला पाण्याचा रंग बदललेला दिसला होता, पण चार माणसं जमली होती, म्हणून त्यानं नाव सोडली. मास्तरांनी छत्री उघडली आणि पाठ फिरवली. त्यांचं काय होतं ते मला आजवर कळलं नाही.

मी मूठ खाली घेतली नाही. शेवटी तात्यांनी खांद्यावरची घोंगडी उतरवून घडी उलगडली. आत गूळ, आणि गुळाला मुंगळे.

"पाणी किती दिस ऱ्हाईल कुणास ठावं," ते म्हणाले. "तुमी येका दिवसात सपीवला आसता."

"मग मला चोर कशाला ठरीवलंत?"

माझ्या हातातला भंडारा तेवढा त्यांनी नीट पिशवीत भरून घेतला.

दुपारी काहील आली. ढकलणारे दोघे पोहणारे, त्यातला एक माझा भावकीतला दीर. मला बघून तो थबकला.

"वैनी? सगळं गाव हुडकतंय तुमाला. चला, बसा."

"मी येणार न्हाय."

"लोकांत हसं करू नका."

"हसू दे."

त्यानं माझा दंड धरला. मी विळा काढला. मारला असता की नाही, खरंच सांगता येत नाही.

"सोड तिला," तात्या म्हणाले. "भंडारा उचललाय तिनं. त्या घरात पाऊल टाकणार न्हाय म्हणून. तू तिला नेलंस तर ते पाप तुला आन मला दोघांला."

दिरानं हात असा काढला जणू मी तापलेला तवा होते. एकाही माणसाला माझी कीव आलेली नव्हती. त्यांना देवाची भीती होती, आणि मला तेवढी पुरली.

काहिलीच्या दोन खेपा झाल्या, सगळे गेले. कासारणीनं जाताना एक भाकरी माझ्या पदरात टाकली. "आर्धी शिळी हाय," म्हणाली, "पन तू बी काय ताजी न्हाईस आता."

मी दुसऱ्या दिवशीपर्यंत एकटी राहिले. मग पाणी ओसरलं आणि निरवांगीची दोन माणसं वाळलेल्या भोपळ्यांची सांगड तरंगवत आली. भाऊ कुठे आहे, हे त्यांनी विचारलं नाही.

कोऱ्हाळ्यात वडिलांनी आठ दिवस ठेवून घेतलं. नवव्या दिवशी म्हणाले, "चल, सासरी घालवून येतो. लोक काय म्हनत्याल?"

"लोकांनी मला तीन दिस बेटावर बघितलंय," मी म्हणाले. "आता काय बघायचं ऱ्हायलंय त्यांचं?"

महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मी जागची हलले नाही. मग एका सकाळी मळ्यातून त्यांचीच हाक आली, वांगी तोडायला माणूस कमी आहे म्हणून. मी पाटी घेतली आणि गेले.